कोहासाठी फुकट कोड लिहायला जाऊ का? नोकरी सांभाळून जमतं का कोणाला?

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज विचारूनच टाकतो.

मी ऐरोलीला राहतो, ऑफिसही ऐरोलीतच, त्यामुळे प्रवासाचं रडगाणं नाही (ट्रान्स हार्बरवाल्यांनी लगेच जळू नये). काम जावाचं, बँकिंगचं, पगार बरा, कंटाळा भरपूर. ठाण्यातल्या एका वाचनालयाचा मी जुना मेंबर आहे, त्यांनी मध्यंतरी कॅटलॉग कोहावर (लायब्ररी सांभाळायचं सॉफ्टवेअर) टाकला. घरबसल्या पुस्तक आहे की नाही कळतं, छानच झालं. फक्त लेखकांची यादी उघडली की कालेलकरांनंतर थेट काळे येतात आणि मग कावळे, काशीकर, कासार. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर, म्हणजे काळे कासारांच्या पण खाली पाहिजेत. युनिकोडमध्ये ळ चा नंबर ल ला लागूनच आहे, त्यामुळे कोणी वेगळं सांगितलं नाही तर कॉम्प्युटर तसाच क्रम लावणार.

मग खोदत गेलो तर कळलं की कोहा ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टने १९९९ मध्ये बनवून घेतलं कारण त्यांची जुनी सिस्टिम वायटूकेत (२००० सालच्या तारखेच्या घोळात) टिकणार नव्हती, आणि जानेवारी २००० मध्ये ते चालूही झालं. आज जगभर वापरतात. तेव्हापासून डोक्यात आहे की यात डेव्हलपर म्हणून आपणही हातभार लावावा. पण सगळं पर्ल नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहे, मला ती येत नाही. कंपनीचं ऑफर लेटर वाचलं की घाम फुटतो. घरी पाचवीतली मुलगी, तिचा अभ्यास माझ्याकडे. आणि तिकडे वीस-वीस वर्षं काम करणारी माणसं आहेत, ती माझ्यासारख्याला कशाला विचारतील?

कोणी केलंय का असं? उत्साह किती दिवस टिकतो? खरंखरं सांगा.

तलावपाळी_एक्सप्रेस

जा. इथे विचारत बसलास तर तोवर पुढची आवृत्ती येईल.

कळवा_नाका

माझं स्पष्ट मत: नको.

आयटीतला माणूस आठवड्याचे जागेपणीचे तास आधीच विकून बसलाय, उरलेले फुकट वाटायचे कशाला? डिसेंबर २०२१ आठवा. लॉगफोरजे नावाच्या जावाच्या लायब्ररीत सिक्युरिटीचं भगदाड सापडलं तेव्हा जगभरातल्या बँका जागरण करत होत्या, आमची टीम पण होती त्यात, आणि ते दुरुस्त कोण करत होतं तर आपापल्या नोकऱ्या सांभाळून फावल्या वेळात तो प्रोजेक्ट चालवणारी मूठभर माणसं. वर शिव्या पण त्यांनाच. २०१४ च्या हार्टब्लीडलाही (ओपनएसएसएलमधलं भगदाड) हीच गोष्ट. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं ते ओपनएसएसएल अर्धं इंटरनेट वापरत होतं आणि त्यांना देणग्या मिळायच्या वर्षाला दोनेक हजार डॉलर.

तुमच्या वाचनालयाला कोहा बसवून देणारा कोणी व्हेंडर असेल ना, तो एएमसी (वर्षाच्या देखभालीचे पैसे) घेत असेल ना, मग ळ त्याला सांगा. पैसे त्याने घ्यायचे आणि बग तुम्ही फुकट सोडवायचा, हे कुठलं गणित?

गोखले_रोडवाली

@कळवा_नाका, व्हेंडरला सांगून बघा एकदा. "सॉफ्टवेअरच तसं आहे मॅडम." आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत हे उत्तर भिंतीवर लावायचं बाकी आहे.

पर्लहार्बर

या काळात कोणीतरी स्वतःहून पर्ल शिकायचं म्हणतंय. डोळे पाणावले. मी पर्लमध्ये लिहिलेला कोड सहा महिन्यांनी मलाच वाचता येत नव्हता, पण चालत मात्र अजून असेल कुठेतरी.

सेमीकोलन

मी नेरूळची. एका डेटाबेसच्या टूलवर काही वर्षं काम करतेय, नोकरी सांभाळून, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

"डेव्हलपर म्हणून जाऊ का" या प्रश्नातच एक गैरसमज आहे. बाहेरून वाटतं आपण जायचं, कोड लिहायचा, ते घेणार. प्रत्यक्षात नवीन माणसाच्या कोडची कोणाला फारशी निकड नसते. तुम्ही पॅच (कोडमधला बदल) टाकला की तो कोणीतरी वाचायला लागतो, चालवून बघायला लागतो, आणि पुढची दहा वर्षं सांभाळायला लागतो. तुम्ही तीन आठवड्यांत गायब झालात तर त्यांच्या गळ्यात धोंड. म्हणून सुरुवातीला लोक थंड वाटतात. माजलेले नसतात, पोळलेले असतात.

कोहाची पद्धत मी मुद्दाम जाऊन वाचली. बगझिला या त्यांच्या बगांच्या साइटवर बग नोंदवायचा, पॅच लावायचा, त्यासोबत टेस्ट प्लॅन लिहायचा म्हणजे काय क्लिक केल्यावर काय दिसायला हवं ते पायरीपायरीने. मग दुसरं कोणीतरी तो चालवून बघतं आणि साइन-ऑफ देतं. मग क्यूए (दर्जा तपासणारी) टीम बघते, मग रिलीज मॅनेजर तो आत घेतो. वर्षातून दोन मोठ्या आवृत्त्या, मे आणि नोव्हेंबर. आता यात रांग कुठे लागते? साइन-ऑफला. पॅच लिहायला लोक मिळतात, दुसऱ्याचा पॅच तपासायला मिळत नाहीत. सगळीकडे हेच, आमच्याकडे पण.

आणि साइन-ऑफसाठी पर्ल यावंच लागतं असं नाही. त्यांनी सँडबॉक्स ठेवलेत, ब्राउझरमध्येच पॅच लावून बघता येतो, लॅपटॉपवर काही बसवायला नको. मी तुमच्या जागी असते तर पहिले काही महिने फक्त हेच केलं असतं. दोन फायदे. एक, कोड न वाचता सिस्टिम कळते. दुसरं, लोकांना नाव माहीत होतं. नंतर तुमचा पॅच आला की "अरे हा तोच, आपले पॅच तपासणारा" म्हणून लवकर बघतात. स्वार्थीपणा म्हणा हवं तर, पण काम होतं.

वेळेचं म्हणाल तर आठवड्याला ठरवून दोन-तीन तास पुरतात, पण ते ठरलेले हवेत. मी रविवारी सकाळी बसते, घरच्यांना माहीत आहे. "वेळ मिळेल तसं करू" म्हणणारे सगळे गेले, एकही टिकला नाही.

तलावपाळी_एक्सप्रेस

वाचनखूण साठवली आहे.

विटावा_अंडरपास

मी थर्ड इयर कॉम्प, दादा-ताईंना प्रश्न. आमच्याकडे सगळे म्हणतात ओपन सोर्स कॉन्ट्रिब्युशन रिझ्युमेवर असेल तर प्लेसमेंटला फरक पडतो. ऑक्टोबरमध्ये चार पुल रिक्वेस्ट (आपला बदल घ्या अशी विनंती) टाकायच्या असतात त्याने होतं का? आणि गूगल समर ऑफ कोड फक्त विद्यार्थ्यांसाठीच आहे ना, म्हणजे धागाकर्त्यांना चालणार नाही?

पर्लहार्बर

आयडी बघून कळलं तू पावसाळ्यात कॉलेजला का जात नाहीस.

सेमीकोलन

@विटावा_अंडरपास, समर ऑफ कोड २००५ पासून आहे, आधी विद्यार्थ्यांसाठीच होतं, २०२२ पासून ओपन सोर्समध्ये नवीन असलेल्या कोणालाही अर्ज करता येतो, वय १८ च्या पुढे. म्हणजे धागाकर्ते पण करू शकतात, पण त्यात ठरलेले तास द्यावे लागतात, नोकरीवाल्याला जड जातं.

ऑक्टोबरवालं म्हणजे हॅकटोबरफेस्ट. २०२० मध्ये काय झालं ते वाच. टी-शर्टसाठी लोकांनी रीडमी (माहितीच्या) फाइलमध्ये एखादा शब्द बदलून हजारो पुल रिक्वेस्ट टाकल्या, मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे) लोक रात्रंदिवस ते बंद करत बसले, शेवटी नियम बदलावा लागला की ज्या प्रोजेक्टने स्वतःहून होकार दिलाय तिथल्याच मोजणार. २०२३ पासून टी-शर्ट पण बंद. आणि ती लाट आपल्या देशातून मोठी होती, अजून भारतीय नाव दिसलं की काही लोक सावध होतात. माझ्या पहिल्या पॅचला "तुम्ही हे चालवून बघितलंत का?" असं तीनदा विचारलं होतं. राग आला होता, पण त्यांचा इनबॉक्स मी नंतर बघितला.

इंटरव्ह्यू मी पण घेते. कोणी चार पुल रिक्वेस्ट दाखवल्या की मी त्यातली एक उघडते आणि खालची चर्चा वाचते. रिव्ह्यूला उत्तर कसं दिलंय ते बघते. कोड नंतर.

निवांत_नेरूळ

आता तर एआय आलंय. कर्ल (नेटवरून डेटा आणायचं ओपन सोर्स टूल) चालवणारा डॅनियल स्टेनबर्ग जाहीरपणे वैतागलाय, एआयने रचलेले खोटे सिक्युरिटी रिपोर्ट येतात, दिसायला इतके व्यवस्थित की खोटं आहे हे कळायलाच तास जातो. नवीन माणसाचं पहिलं काम म्हणजे आपण माणूस आहोत हे सिद्ध करणं.

बेलापूर_लोकल

मी एचआरमध्ये आहे, वकील नाही, तरी ऑफर लेटरवाल्या मुद्द्याकडे कोणी बघतच नाहीये म्हणून लिहितोय.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक एम्प्लॉयर, वेगळा करार नसेल तर. इथपर्यंत ठीक, तुमचं कोहाचं काम नोकरीचा भाग नाही. पण बऱ्याच ऑफर लेटरमध्ये याच्या पुढचं लिहून घेतलेलं असतं, की नोकरीत असताना तुम्ही जे काही बनवाल ते आमचं, मग ते घरी बनवलेलं का असेना. ते कोर्टात टिकेल का हा वेगळा विषय, पण तुम्हाला कोर्टात जायचंय का? आणि कोहा जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली आहे. तुम्ही दिलेला कोड उद्या कंपनी म्हणाली आमचा, तर अडचण तुमचीच नाही, प्रोजेक्टची पण.

म्हणून मेल टाका. तोंडी विचारू नका, मॅनेजर बदलतात. मेलमध्ये प्रोजेक्टचं नाव, लायसन्स, बिनपगारी आहे, ऑफिसच्या वेळेत नाही, ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही, आपल्या धंद्याशी संबंध नाही, एवढं लिहा. मोठ्या कंपन्यांत यासाठी फॉर्म पण असतो, फक्त तो कुठे आहे ते कोणाला माहीत नसतं. मूनलायटिंगच्या भीतीने लोक विचारतच नाहीत. पण पगार घेऊन दुसरीकडे काम करणं वेगळं आणि हे वेगळं, आणि ते वेगळं आहे हे आधी लिहून दिलेलं बरं. बँकिंग क्लायंट असेल तर जरा जास्तच जपून.

खाडीपलीकडचा

बेलापूरदादा, मेलचा मजकूर जवळजवळ तयारच करून दिलात, धन्यवाद.

@सेमीकोलन, साइन-ऑफचं माहीतच नव्हतं. पण खरं सांगू, दुसऱ्याचे पॅच तपासायला मन लागेल का शंका आहे. दिवसभर ऑफिसात तेच करतो. मला काहीतरी स्वतः बनवल्याचं समाधान हवंय.

कळवा_नाका

हेच म्हणतोय मी. समाधान हवं असेल तर स्वतःचं ॲप काढ. तिथे निदान कोणी "टेस्ट प्लॅन कुठाय" विचारणार नाही. ओपन सोर्समध्ये मेंटेनर म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी. पाणी आलं तर नळाचे आभार, नाही आलं तर सेक्रेटरीला फोन. आणि निवडणुकीला दुसरं कोणी उभं राहत नाही म्हणून हा पंधरा वर्षं तिथेच.

गोखले_रोडवाली

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी वाचलं तर रडतील. (ते इथे आहेत. काका, नमस्कार.)

निवांत_नेरूळ

@कळवा_नाका, थट्टा बाजूला, २०२४ चं एक्सझेड प्रकरण अगदी असंच होतं. फायली कॉम्प्रेस करणारी छोटीशी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असलेली, आणि सांभाळणारा एकटा माणूस, हौस म्हणून, बिनपगारी, तब्येतीने थकलेला. त्याच्यामागे काही आयडी लागले की तुला जमत नसेल तर दुसऱ्याला दे. मग "जिया टॅन" नावाचा कोणी मदतीला आला, दोनेक वर्षं इमानेइतबारे पॅच दिले, विश्वास मिळवला आणि शेवटी ५.६.० आवृत्तीत मागचं दार बसवलं. सापडलं कसं? अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएचने (दूरच्या कॉम्प्युटरवर) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला, तेवढ्यावरून. अर्धा सेकंद! आपण तर ठाणे स्टेशनला अर्धा तास उशीर झाला तरी कारण विचारत नाही.

धागाकर्त्यांसाठी मुद्दा हा की आता नवीन माणसावर कोणी पटकन विश्वास टाकणार नाही, आणि त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये. हळूहळू होतं.

घोडबंदर_ट्रॅफिक

मी सोडलेली आहे, म्हणून दुसरी बाजू.

एका शिक्षणाच्या ॲपला कोड द्यायचे, तीनेक वर्षं. पहिलं वर्ष मस्त गेलं. नंतर माझ्या एका भागाची मीच जाणकार झाले आणि मग सुट्टी संपली. कोकणात लग्नाला गेले तरी मेल, "हे कधी दुरुस्त होणार", "महिना झाला", एकाने तर "तुम्हाला जमत नसेल तर सांगा" असं लिहिलं, ज्याने एक ओळ कधी दिली नव्हती. मुलगा लहान होता. एक दिवस नवऱ्याने साधा प्रश्न विचारला, याचे पैसे मिळतात का गं? मी नाही म्हणाले. मग बॉस कोण? मला उत्तर देता येईना.

सोडताना मात्र नीट सोडलं. काय अर्धवट आहे, कुठे काय लिहिलंय, सगळं लिहून दिलं, महिन्याची मुदत दिली, नाव मेंटेनरच्या यादीतून काढून घेतलं. आजही त्यातल्या एका पोलिश मुलीशी बोलणं होतं. पुन्हा करेन का? करेन, पण पहिल्याच दिवशी सांगेन की मी अमुक एवढंच करणार. घुसताना बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवा एवढंच म्हणणं आहे, घोडबंदरला राहून एवढं तरी शिकले.

सेमीकोलन

वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. मी फक्त चांगलं-चांगलं लिहिलं होतं.

ग्रंथपाल_काकू

मी निवृत्त ग्रंथपाल, ठाण्याचीच. या गावात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, वाचनालयाच्या विषयावर इथे पंचवीस प्रतिसाद पडले नाहीत तरच नवल. टाईप हळू होतं, सांभाळून घ्या.

ळ चं तुम्ही म्हणता ते बरोबर. पण आमच्या दृष्टीने तो लहान त्रास आहे. मोठा त्रास ऐका. वऱ्हाड हा शब्द. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाईप होतो. एक प्रकार साध्या र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून, दुसरा प्रकार खाली टिंब असलेला र घेऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण आमच्याकडे नोंदी करणाऱ्या दोन मुली होत्या, एकीचा कीबोर्ड एक, दुसरीचा दुसरा. वाचक शोधतो, अर्धी पुस्तकं सापडतात, अर्धी नाहीत, आणि तो म्हणतो पुस्तकच नाही तुमच्याकडे. पुस्तक कपाटात! हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. सुऱ्या, दऱ्या, कुऱ्हाड, सगळ्यांची तीच गत.

शिवाय एकाच लेखकाचं नाव कोणी आडनाव आधी लिहिलंय, कोणी आद्याक्षरं, कोणी टिंब दिलंय, कोणी नाही. ते सॉफ्टवेअरचं काम नाही, ते बसून साफ करायचं काम आहे. त्याला कोणी डेव्हलपर येत नाही, आणि विद्यार्थी आला तरी सर्टिफिकेट मिळालं की जातो.

म्हणून खाडीपलीकडचे, तुम्ही मदत करायची म्हणता याचा आनंदच आहे, पण आधी एखाद्या ग्रंथपालाच्या शेजारी दिवसभर बसा. मग ठरवा काय लिहायचं ते.

पर्लहार्बर

काकूंनी एका प्रतिसादात आमच्या बीएची (बिझनेस ॲनालिस्टची) नोकरी घालवली.

शुद्धलेखन_पोलीस

धागाकर्त्याने ळ ह च्या नंतर म्हटलं ते ठीक, पण मग क्ष आणि ज्ञ चं काय? क्षीरसागर हे आडनाव कुठे जाणार? ळ च्या पुढे की क च्या पोटात?

तलावपाळी_एक्सप्रेस

झालं. आता दोनशे प्रतिसाद.

ग्रंथपाल_काकू

शाळेच्या वर्णमालेत शेवटी. पण जोडाक्षर म्हणून बघितलं तर क च्या पोटात, आणि कोशांतही दोन्ही पद्धती आढळतात. आमच्या कार्डांच्या कपाटात क्ष चा खण वेगळा होता, सगळ्यात खाली, वाकावं लागायचं.

शुद्धलेखन_पोलीस

क्ष हे क् + ष आहे. जोडाक्षराला वेगळा खण देणं म्हणजे अवैज्ञानिक. उद्या श्र मागेल, परवा त्र.

कळवा_नाका

बघा, याचसाठी म्हणत होतो. हा माणूस न्यूझीलंडच्या लोकांना पॅच पाठवणार आणि खाली मराठी माणसं क्ष वरून भांडणार.

बेलापूर_लोकल

हाहा. ते बिचारे विचारतील, तुमच्यात एकमत झालं की कळवा.

वाशी_सेक्टर_सतरा

डेटाबेसवाला आहे म्हणून एक तांत्रिक मुद्दा. मायएसक्यूएल या डेटाबेसचं जुनं डीफॉल्ट कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) स्वीडिश होतं, कारण बनवणारी कंपनी स्वीडनची. म्हणजे वर्षानुवर्षं जगातली अर्धी आडनावं स्वीडिश क्रमाने लागत होती आणि कोणी हूं की चूं केलं नाही. ज्याने बनवलं त्याची वर्णमाला, हा साधा हिशोब. पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून आयसीयूची (वेगवेगळ्या भाषांचे नियम असलेली लायब्ररी) कोलेशन मिळतात, त्यात मराठी आहे.

पण कोहाच्या शोधाचा क्रम डेटाबेसवर कमी आणि शोधाच्या इंजिनावर जास्त ठरतो. ते झेब्रावर चालवतात किंवा इलास्टिकसर्चवर. तुमच्या वाचनालयात कुठलं आहे ते आधी विचारा. इलास्टिकसर्च असेल तर त्याला आयसीयूचं प्लगिन आहे, त्यात भाषा सांगता येते. म्हणजे कदाचित तुमचा बग कोडचा नाहीच, सेटिंगचा आहे, आणि एकही ओळ पर्ल न लिहिता काळे कासारांच्या खाली जातील.

खाडीपलीकडचा

हे वाचून आनंद व्हावा की वाईट वाटावं कळेना. ज्यासाठी पर्ल शिकायला निघालो ते सेटिंगने होणार?

गोखले_रोडवाली

सेटिंग असली तरी ती कोणाला माहीत आहे? मी आमच्या कॉलेजसाठी शोधलं होतं, मराठी कॅटलॉगला काय काय चालू करायचं हे एका जागी लिहिलेलं मला कुठे मिळालं नाही. इंग्रजी मॅन्युअल आहे, चांगलं आहे, पण त्यात आपला ळ कुठून येणार. तेवढं कोणी स्क्रीनशॉटसकट लिहिलं तरी कितीतरी ग्रंथपाल दुवा देतील. व्हेंडर सोडून.

कळवा_नाका

व्हेंडरही देईल. तेच छापून विकेल.

निवांत_नेरूळ

विकू दे की. जीपीएलमध्ये विकायला बंदी नाहीच, कोड उघडा ठेवायला लागतो एवढंच. आणि कोणी फार हातपाय पसरले तर कोहावाले लढतात पण. २०११ मध्ये एका अमेरिकन कंपनीने न्यूझीलंडमध्ये कोहा या नावावरच्या ट्रेडमार्कच्या अर्जाला प्राथमिक मंजुरी मिळवली होती. ज्यांनी बनवलं त्या छोट्या लायब्ररीवाल्यांनी जगभर हाक दिली, वर्गणी जमली, प्रकरण दोन वर्षं चाललं आणि शेवटी अर्ज फेटाळला गेला. हे सगळं काही डेव्हलपरांनी केलं नाही, ग्रंथपालांनी पण केलं.

विटावा_अंडरपास

कोणी पर्ल नको म्हणत असेल तर ईआरपीनेक्स्ट (धंद्याचे हिशोब सांभाळायचं सॉफ्टवेअर) पण आहे ना, पायथॉन आणि जावास्क्रिप्ट, बनवणारी फ्रॅपे कंपनी मुंबईचीच. आमचे सीनियर फॉस युनायटेड या ओपन सोर्सवाल्यांच्या संस्थेच्या मुंबईच्या मीटअपला जातात, तिथे भेटतात म्हणे लोक. समोरासमोर विचारता येतं.

सेमीकोलन

चांगली सूचना, मीटअपला नवीन माणसाने जावंच, ऐकून घेणारे मिळतात. पण धागाकर्ते अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर वापरत नाहीत, वाचनालय वापरतात. आपण रोज वापरतो त्या गोष्टीवर काम केलं तर रविवारी सकाळी लॅपटॉप उघडायला कारण असतं. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात क्रिकेट.

@खाडीपलीकडचा, काकूंचा वऱ्हाडवाला मुद्दा पुन्हा वाचा. दोन प्रकारे टाईप केलेला एकच शब्द शोधात एकच धरला गेला पाहिजे. लहान आहे, हद्द ठरलेली आहे, टेस्ट प्लॅन दोन ओळींत लिहिता येतो, आणि त्यावर शुद्धलेखन पोलिसांशी भांडण नाही. तुम्हाला स्वतः बनवल्याचं समाधान हवं होतं ना?

शुद्धलेखन_पोलीस

वऱ्हाड हे शुद्धच आहे. माझी हरकत नाही.

पर्लहार्बर

नोंद घ्या, पोलिसांची पहिली ना हरकत.

वाशी_सेक्टर_सतरा

आणि हा खरा कोडचा प्रश्न आहे. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (सारखी अक्षरं एका रूपात आणणं) हे दोन प्रकार एक करत नाही, मी आत्ता तपासलं. टिंबवाला र सुटून र आणि नुक्ता (खालचं टिंब) होतो, दुसऱ्यात नुक्ताच नाही. म्हणजे इंडेक्स करताना वेगळा नियम घालावा लागेल. फक्त तो नियम मराठीपुरता ठेवा, नाहीतर इतर भाषांवाले मारतील.

खाडीपलीकडचा

काल कंपनीला मेल टाकली, बेलापूरदादांच्या शब्दांत. मॅनेजर म्हणाला लीगलला पाठवतो, म्हणजे देवाक काळजी. तोपर्यंत कोड देणार नाही. काकूंना व्यनि (खाजगी निरोप) केलाय, त्यांच्या ओळखीच्या वाचनालयात शनिवारी बसायला जातोय, दोन्ही कीबोर्डवरच्या नोंदी बघायला. हो आलं तर नोव्हेंबरच्या आवृत्तीपर्यंत साइन-ऑफ करत राहीन, ते जमलं तर वऱ्हाड. नाही आलं तर गोखले रोडवालींचं सेटिंगचं टिपण. ते लिहायलाही लीगलची परवानगी लागते का?

बेलापूर_लोकल

टिपण लिहायचं असलं तरी त्याच मेलमध्ये एक ओळ वाढवा. विचारताय तर सगळंच विचारा.

घोडबंदर_ट्रॅफिक

आणि घरी सांगितलंत का? लीगलपेक्षा तो विभाग कडक असतो.

खाडीपलीकडचा

सांगितलं. मुलीचा शनिवारचा गणिताचा अभ्यास शुक्रवारी रात्री हलवलाय, ती नाराज आहे, बाकी मंजूर.

सेमीकोलन

हो आलं की पहिल्या साइन-ऑफच्या आधी गिटमध्ये (कोडचे बदल नोंदवणारं टूल) नाव आणि ईमेल नीट सेट करून घ्या. ते कायमचं इतिहासात राहतं, नंतर पुसता येत नाही. घरचा ईमेल घाला, ऑफिसचा नको. आणि नाव पूर्ण लिहा, खाडीपलीकडचा बघून तिकडे कोणाला काही कळणार नाही.